अनुदान नंतर मागा, आधी मावशींचा अर्ज भरा

पत्र असं आहे:

"काकू नमस्कार, मी इंदूरला सुदामा नगरात राहते. आमची बावीस बायकांची भिशी आहे, बारा वर्षं झाली. आमच्यातल्या चार घरी पोळ्या करायला एक मावशी येतात, त्यांच्या मुलाला दिवाळीच्या आधी रात्री कामावरून येताना दोघांनी अडवलं, चाकू मारला, मोबाइल आणि पैसे घेऊन पळाले. उजव्या हाताची नस कापली गेली, अजून मूठ नीट वळत नाही. दवाखान्यापायी एक लाख साठ हजार उसने झालेत. थान्यात गेलं की तपास चालू आहे एवढंच सांगतात. आम्ही भिशीतून अकरा हजार दिले पण ते कुठे पुरणार. माझी मुलगी इंग्लंडला असते, ती म्हणाली तिकडे अशा लोकांना मदत करणाऱ्या संस्थांना तिथल्या तिथे सरकारी अनुदान मिळतं. म्हणून आम्हालाही तसं केंद्र सुरू करायचंय. एक गृहस्थ म्हणतात, संस्था रजिस्टर करून नगर निगमातून, म्हणजे महापालिकेतून, अनुदान काढून देतो, फाइलचे पंचवीस हजार लागतील. द्यावेत का? आमच्या ह्यांचं म्हणणं, थाना-कोर्टाच्या भानगडीत बायकांनी पडू नये. काय करू ते सांगा."

अहो ताई, पंचवीस हजार अजिबात देऊ नका. हे सगळ्यात आधी, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही दिलेले नसावेत एवढीच माझी इच्छा आहे. संस्था रजिस्टर करायची जी काही सरकारी फी असते ती तुम्ही स्वतः भरता आणि तिची पावती तुमच्या हातात येते, आणि अनुदान काढून देणारा माणूस असा काही प्रकार नसतो, अनुदान मागणाऱ्याचं काम बघून मिळतं आणि तुमचं काम तर अजून सुरू व्हायचंय. त्या गृहस्थांना सरळ सांगा की आमचं ठरलं की आम्हीच जाऊ.

आता मुख्य गोष्ट. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा मला वाटलं की तुम्ही केंद्राची सुरुवात चुकीच्या टोकाकडून करताय. मन तुमचं अगदी जागेवर आहे, त्यात शंका नाही, पण अनुदान, रजिस्ट्रेशन, बोर्ड, खोली ह्या सगळ्याच्या आधी मावशींच्या मुलाचा जो पैसा कायद्याने आधीच त्याच्यासाठी ठेवलेला आहे तो मागितला का कुणी? पत्रात त्याचा उल्लेखच नाही म्हणजे बहुतेक नाहीच. आणि ह्यात तुमची चूक नाही, थान्यात कुणी सांगत नाही, दवाखान्यात कुणी सांगत नाही, शेजारीपाजारी सांगतील तर त्यांनाही माहीत नसतं.

तर ऐका. २००८ मध्ये फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३५७-अ नावाचं कलम आलं, ते २००९ च्या ३१ डिसेंबरपासून लागू झालं. त्याच्यात प्रत्येक राज्याला सांगितलं की गुन्ह्यामुळे ज्याचं नुकसान झालं, ज्याला इजा झाली आणि ज्याला परत उभं राहायला मदत लागणार आहे अशा माणसासाठी किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी भरपाईची योजना करा आणि तिच्यासाठी पैसा ठेवा. आपल्या मध्यप्रदेशची योजना २०१५ ची आहे, अपराध पीडित प्रतिकर योजना. हा 'प्रतिकर' शब्द लक्षात ठेवा, आपण भरपाई म्हणतो पण फॉर्मवर आणि बाबूंच्या तोंडी प्रतिकरच असतं, भरपाई म्हटलं की ते तुम्हाला इन्शुरन्सवाल्यांकडे पाठवतील. आणि २०२४ च्या १ जुलैपासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्यात हेच कलम आता ३९६ नंबरला आहे. जुने वकील अजून ३५७-अ म्हणतात, गोष्ट तीच.

ह्या कलमात एक उपकलम आहे, चौथं, ते मला मावशींसाठी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आरोपी सापडलाच नाही, ओळखलाच गेला नाही, खटलाच उभा राहिला नाही तरी ज्याला इजा झाली तो माणूस समोर आहे ना, मग तो किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले थेट अर्ज करू शकतात. थेट म्हणजे जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे, जे आपल्या जिल्हा कोर्टाशी जोडलेलं ऑफिस आहे. चौकशी करून दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असं कायद्यातच लिहिलंय. आणि ज्याला लगेच गरज आहे त्याला निर्णयाच्या आधीही अंतरिम मदत देता येते, त्यासाठी टीआय साहेबांचं, म्हणजे थान्याच्या मुख्य अधिकाऱ्यांचं, किंवा मॅजिस्ट्रेटचं सर्टिफिकेट असलं तर प्राथमिक उपचार आणि औषधपाणी फुकट करायचा आदेशसुद्धा प्राधिकरण देऊ शकतं.

लोक काय समजतात की चोर सापडेल, केस चालेल, शिक्षा होईल मग काहीतरी मिळेल. आणि आपल्याकडे थान्यातून एक दिवस कळतं की खात्मा लागला, म्हणजे आरोपी मिळाले नाहीत म्हणून पोलिसांनी फाइल कोर्टात बंद करायला पाठवली. 'खात्मा' ह्या शब्दानेच माणूस खचतो, वाटतं सगळं संपलं, आणि घरी जाऊन बसतो. पण हे चौथं उपकलम नेमकं अशाच माणसासाठी आहे! आरोपी मिळाले नाहीत तर पोलिसांची फाइल बंद होईल, मुलाचा हक्क बंद होत नाही. हे मावशींना तुमच्या तोंडून दोन-तीनदा सांगा, एकदा सांगून ते आत उतरत नाही. मी बघितलंय.

दुसरं, नवीन कायद्यात पोलिसांवर एक बंधन आलंय, तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तक्रार देणाऱ्याला किंवा ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला कळवायचं, फोनवर मेसेज करून कळवलं तरी चालतं. दिवाळीच्या आधीची घटना आहे तर तुम्ही तारखा मोजा. झाले असतील नव्वद तर थान्यात जाऊन भांडायचं नाही, एक साधा अर्ज द्यायचा की कलम १९३ प्रमाणे तपासाची माहिती द्यावी, आणि त्याच्या दुसऱ्या कॉपीवर आवक शिक्का घ्यायचा. शिक्का मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही, उद्या या म्हणाले तरी नाही. आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते, तिचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

अर्जाला काय लागतं ते सांगते. एफआयआरची कॉपी, दवाखान्यातली एमएलसी, म्हणजे जखमांची पोलीस केससाठी डॉक्टरांनी केलेली नोंद, भरती आणि डिस्चार्जचे कागद, औषधांची बिलं, आधार, पासबुक, आणि कामावर जाता येत नाही म्हणून पगार बुडतोय त्याचा काहीतरी पुरावा, मालकाचं चार ओळींचं पत्र असलं तरी चालतं. हात पुढे कितपत सुधारेल ह्याबद्दल डॉक्टरांकडून लिहून घ्या, "मूठ नीट वळत नाही" हे तुमच्या पत्रात एका वाक्यात आलंय पण अर्जात तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण कलमात 'पुनर्वसन' शब्द आहे, म्हणजे मागचा खर्च तर आहेच पण पुढे हा मुलगा कमावणार कसा हाही प्रश्न आहे. अर्जाला वकील लागत नाही. पण पुढे वकील लागलाच तर १९८७ च्या विधिक सेवा कायद्याप्रमाणे बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट मिळतो, मुलाला उत्पन्नाच्या अटीत बसला तर. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे, पण फोनपेक्षा जाऊन या.

आणि पासबुक! ह्याच्यावर मी जरा थांबणार आहे कारण इथे आपल्या मराठी घरांचा एक खास घोळ असतो. मी बरीच वर्षं एका छोट्या संस्थेची खजिनदार होते, नाव कशाला सांगायचं, आणि आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, जावयाने मारलेलं, डोक्याला नऊ टाके. अर्ज झाला, मंजूर झाला, आदेश निघाला, आम्ही सगळ्या खूश, आणि पैसे काही खात्यात येईनात. दोन महिने आम्ही चकरा मारल्या. शेवटी कळलं की आधारवर त्यांचं सासरचं नाव, लग्नात तांदळावर लिहून बदललेलं, आणि बँकेत खातं माहेरच्या नावाने, कारण ते लग्नाआधी वडिलांनी पोस्टाजवळच्या बँकेत उघडून दिलेलं आणि त्यांनी ते जिवापाड जपलं होतं. कागदांवर दोन वेगळ्या बायका! मग नोटरीकडे प्रतिज्ञापत्र, बँकेत केवायसी, परत प्राधिकरणात अर्ज. आजी दर वेळी पासबुक रुमालात बांधून आणायच्या आणि गाठ सोडताना हात थरथरायचे, ते मला अजून दिसतं. तर मुलाचं आधार, पासबुक, एफआयआर, एमएलसी, चारही समोर मांडून नाव अक्षर न अक्षर जुळवा, वडिलांच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा. दवाखान्यात रात्री घाईत लिहिलेलं नाव हमखास चुकलेलं असतं.

तुमच्या केंद्रात पुढे बायकांच्या केसेस जास्त येतील म्हणून हेही आत्ताच माहीत असू दे, लैंगिक अत्याचार, अ‍ॅसिड आणि अशा गुन्ह्यांत बायकांसाठी नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधिक सेवा प्राधिकरणाची वेगळी योजना २०१८ च्या २ ऑक्टोबरपासून आहे, सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर आलेली. बलात्काराच्या केसमध्ये कमीत कमी ४ लाख आणि जास्तीत जास्त ७ लाख, सामूहिक असेल तर ५ ते १० लाख. त्यातले पंचाहत्तर टक्के कमीत कमी तीन वर्षांसाठी एफडीत राहतात आणि पंचवीस टक्के लगेच वापरता येतात, हे घरच्यांना आधी सांगावं लागतं नाहीतर त्यांना वाटतं मधल्या मध्ये कुणी पैसे खाल्ले. अ‍ॅसिडच्या बाबतीत २०१३ मध्येच सुप्रीम कोर्टाने किमान ३ लाख ठरवून दिले होते आणि त्यातला १ लाख पंधरा दिवसांत. आणि ह्या दोन्ही प्रकारांत कुठल्याही दवाखान्याने, सरकारी असो की प्रायव्हेट, पहिले उपचार फुकट करायचे, नाही केले तर तो गुन्हा आहे.

आता तुमच्या लेकीच्या गोष्टीकडे येते, तिने सांगितलं ते बरोबर आहे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून बहुतेक भागांचा पोलीस आणि गुन्हे आयुक्त लोक मत देऊन निवडतात, आणि २०१४ पासून पीडितांना मदत करणाऱ्या बऱ्याचशा सेवांचा पैसा त्या त्या भागाच्या आयुक्ताच्या हातात आला. पैसा येतो वरून, न्याय मंत्रालयाकडून, पण कुठल्या संस्थेला द्यायचा हे तिथल्या तिथे ठरतं. अमेरिकेत १९८४ चा कायदा आहे, तिकडे तर करातून नाही, गुन्हेगारांकडून वसूल केलेल्या दंडातून फंड भरतो आणि राज्यांकडून संस्थांपर्यंत जातो. ऐकायला किती छान वाटतं, आणि आहेच ते न्यायाचं, पण त्याचा दुसरा भाग असा की दंडाची वसुली कमी झाली की फंड आटतो आणि तिकडच्या छोट्या संस्थांच्या बायका काय करायचं म्हणून बसतात, २०२१ मध्ये त्यांना त्यासाठी कायदा दुरुस्त करावा लागला. म्हणून मी सांगते की एकाच ठिकाणच्या पैशावर केंद्र उभं करू नका, तिकडे नाही आणि इकडे तर नाहीच नाही.

आपल्याकडे असा निवडलेला आयुक्त नाही. इंदूरला २०२१ च्या डिसेंबरपासून पोलीस कमिश्नर आहेत, पण ते अधिकारी आहेत, संस्थांना अनुदान वाटायचं काम त्यांचं नाही. आपल्याकडे पैसा वेगळ्या वाटेने येतो. दिल्लीच्या त्या घटनेनंतर २०१३ मध्ये १००० कोटींनी निर्भया फंड सुरू झाला, त्यातून २०१५ पासून वन स्टॉप सेंटर आली, 'सखी' म्हणतात ती, शंभर टक्के केंद्र सरकारचा पैसा आणि चालवतं जिल्हा प्रशासन. एकाच ठिकाणी उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा, हिंसा सोसलेल्या कुठल्याही बाईला. भोपाळला तर तसलं केंद्र २०१४ मध्येच सुरू झालं होतं, गौरवी नावाचं. तर ताई, बायकांसाठी आख्खं नवीन केंद्र काढण्यात अर्थ नाही, जे आहे तिथपर्यंत बाईला नेऊन पोचवणं हेच काम आहे. आणि मावशींच्या मुलासारख्यांसाठी, म्हणजे पुरुषांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, चेन ओढताना फरपटत गेलेल्या आपल्यासारख्यांसाठी तर कुठेच कुणी बसलेलं नसतं, तिथे तुमची खरी गरज आहे.

निगमाबद्दल. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, ७४ व्या दुरुस्तीत आली ती, नगर निगमांच्या कामांत दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण हे काम लिहिलेलं आहे, म्हणजे तुम्ही मागताय ते त्यांच्या कामाबाहेरचं नाही, हे पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, बिनधास्त सांगा. पण मी तुमच्या जागी असते तर पहिल्या वर्षी निगमाकडे रोख पैसा मागितलाच नसता. खोली मागितली असती. वॉर्डातल्या सामुदायिक भवनातली एक खोली, आठवड्यातून दोन दुपारी, तीन ते सहा, एक टेबल, एक कुलपाचं कपाट आणि भिंतीवर बोर्ड लावायची परवानगी. इंदुरात ८५ वॉर्ड आहेत, लग्नाचा सीझन सोडला तर कितीतरी भवनं दुपारची रिकामी असतात. खोली द्यायला पार्षदाला बजेट लागत नाही, आणि एकदा निगमाच्या कागदावर तुमच्या गटाचं नाव आलं की पुढचा रोख पैशाचा अर्ज करताना तो कागद जोडता येतो. रोख पैसा नंतर मागायचाच असेल तर वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि बजेटची जुळवाजुळव त्याच्या कितीतरी आधी होते, तेव्हा अर्ज दिवाळीनंतर लगेच जायला हवा, मार्चमध्ये धावपळ करून काही होत नाही. उत्तर नाही आलं तर मंगळवारी कलेक्टोरेटला जनसुनवाई असते, लोकांच्या तक्रारी ऐकतात, तिथे जा, पण एकट्या नका जाऊ, चौघी-पाच जणी जा.

आणि अजून एक, हे मला फार मनापासून सांगायचंय, विधिक सेवा प्राधिकरण पॅरालीगल व्हॉलंटिअर तयार करतं, नालसाची ही योजना २००९ पासून आहे. तुमच्यासारख्या साध्या लोकांना ट्रेनिंग देतात, ओळखपत्र देतात, कामाच्या दिवसांचं मानधनही असतं. तुमच्या बावीस जणींतल्या दोघी-तिघींनी जरी हे केलं तरी थान्यातला सूर बदलतो. "आपण कोण?" असं विचारतात ना, त्याला उत्तर मिळतं. तुमच्या ह्यांना जी काळजी वाटतेय तीही मला कळते, खोटी नाहीये ती, पण गळ्यात प्राधिकरणाचं कार्ड असलेली बाई भानगडीत पडत नाही, ती तिचं काम करत असते, हे त्यांना सांगून बघा. आणि कुणाला धमकी आलीच तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती देशभर लागू केली, जिल्हा पातळीवरच अर्ज करता येतो.

संस्था रजिस्टर कधी करायची? पाच-सहा केसेस हाताखालून गेल्या की करा. आपल्याकडे १९७३ चा सोसायटी रजिस्ट्रीकरण कायदा आहे, सात जणी लागतात, तुम्ही बावीस आहात. मग पॅन, संस्थेच्या नावाचं खातं, दोन सह्या, दर वर्षी सीएकडून ऑडिट, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर, जिथे स्वयंसेवी संस्थांची नोंद असते तिथे, नोंद, नंतर आयकराच्या सवलतीसाठीची नोंदणी, जिला लोक १२-ए आणि ८०-जी म्हणतात. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेला, पैसा हवा असेल तर सीएसआर-१ फॉर्म. बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागतात, म्हणून रजिस्ट्रेशन झाल्या दिवसापासून हिशेब चोख ठेवा, पैसे दोनशे असोत की दोन लाख.

हिशेबावरून आमचंच सांगते. आम्हाला एका वर्षी एका सरकारी खात्याकडून अनुदान मिळालं, पहिला हप्ता आला, खर्च झाला, दुसरा हप्ता अडला. का? रिक्षा. बायकांना थान्यात, दवाखान्यात, पेशीला म्हणजे कोर्टाच्या तारखेला नेण्या-आणण्याचे रिक्षाचे पैसे हा आमचा सगळ्यात मोठा खर्च, आणि रिक्षावाला बिल देत नाही. ऑडिटवाले म्हणाले व्हाउचर कुठेत. अकरा महिन्यांची रिक्षा, आणि माझ्याकडे एका वहीत नुसते आकडे! ती चूक माझी होती आणि त्याच्यापायी आमच्या कार्यकर्तीचा चार महिन्यांचा पगार थांबला, तिने तोंडातून शब्द काढला नाही म्हणून मला जास्तच लागलं. तर पहिल्याच मीटिंगमध्ये ठराव लिहून घ्या की बिल न मिळणाऱ्या प्रवासाला आपलं छापील व्हाउचर चालेल, तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती, सही. आणि अनुदानाचा पैसा ज्या कामासाठी आला त्यालाच गेला हे सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत, ते वेळेवर गेलं नाही तर पुढचं दार बंद.

पण त्या व्हाउचरवर बाईचं नाव लिहायचं नाही. कधीच नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं. प्रत्येकीला नंबर द्या, व्हाउचरवर नंबर, आणि नंबर कुणाचा हे लिहिलेली एकच वही, कपाटात, किल्ली एकीच्याच हातात. ऑडिटवाल्यांना नंबर पुरतो. अनुदान देणारे फोटो मागतील, लाभार्थींसोबत काढलेले, बॅनर धरून. नाही द्यायचे. त्यामुळे एखादं अनुदान गेलं तर जाऊ दे, खरंच जाऊ दे, ज्या बाईने तुमच्याकडे येऊन रडून मन मोकळं केलं तिचा चेहरा रिपोर्टात छापून मिळालेल्या पैशातून तुम्ही दुसऱ्या बाईला कुठल्या तोंडाने या म्हणणार.

अर्जात रक्कम मागताना मोठी मागू नका, खरी मागा. वर्षात दहा माणसं, एकेकाच्या सहा खेपा, खेपेला येऊन-जाऊन दोनशे, हे झाले बारा हजार. झेरॉक्स, नोटरी, एक फोन. एक अर्धवेळ मुलगी जिला तुम्ही पगार द्याल. खाली एक ओळ लिहा की बाकीचा वेळ आमच्या सभासद विनामोबदला देतात, कारण तो वेळही पैसाच आहे आणि अनुदान देणाऱ्याला तो दिसायला हवा. आणि पैसा हप्त्याहप्त्याने आणि उशिरा येतो हे धरून चाला, सहा महिने पगार देता येईल एवढी गंगाजळी भिशीतून आधी बाजूला ठेवा.

मघाशी चेन ओढण्याचं बोलले त्यावरून आठवलं, तुमच्या भिशीत कुणाचं मंगळसूत्र ओढलं गेलं असेल आणि पुढे पोलिसांना सापडलं असेल तर ते केस संपेपर्यंत मालखान्यात पडून राहायची गरज नाही, कोर्टात सुपुर्दगीचा अर्ज करून फोटो-पंचनामा झाल्यावर परत घेता येतं. कितीतरी बायका वर्षानुवर्षं वाट बघत बसतात.

तर आता ह्या आठवड्याचं काम. मावशींना आणि मुलाला एका दुपारी तुमच्या घरी बोलवा, सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडा, नावं जुळवा, घटनेची तारीख आणि खर्च एका कागदावर क्रमाने लिहा, दोन सेट झेरॉक्स. दुसऱ्या दिवशी तुमच्यातली एक जण त्यांच्याबरोबर कोर्टात जाऊन अर्ज देईल, एक जण थान्यात तपासाच्या माहितीचा अर्ज देईल. मावशींचा त्या दिवशीचा पोळ्यांचा रोज बुडणार, तो चार घरांनी कापायचा नाही हे आधीच फोन करून ठरवून टाका. आणि कोर्टात अकराला गेलं की चार कधी वाजतात कळत नाही, मुलाला उजव्या हाताने जेवता येत नसेल, तेव्हा डब्यात पोळी-भाजीऐवजी चमच्याने खाता येईल असं काहीतरी द्या, मऊ खिचडी, आणि पाण्याची बाटली. अर्जाचा आवक नंबर आणि तारीख मिळाली की मला कळवा.